वाहनाआधीचा खर्च

बीरगांवातून लगतच्या उरला औद्योगिक क्षेत्रात कामाला जाणाऱ्या तरुणाने हेल्मेट, हातमोजे, बूट व प्रशिक्षण यांची रक्कम आधी बाजूस काढावी आणि उरलेल्या पैशांत मोटारसायकल निवडावी. बहुतेक जण नेमके उलट करतात.

कारखान्यातील घोटा झाकणारे बूट रस्त्यावरही उपयोगी पडतात. तेथील हेल्मेट मात्र नव्हे, कारण ते वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी असते. चालकाने ‘आयएस ४१५१’ हे मानक पाहूनच हेल्मेट घ्यावे. वापरलेले तर स्वस्तातही नको : आघात शोषताना आतील थर्माकोलसारखा थर दबतो, तो पूर्ववत होत नाही, आणि बाहेरून पुष्कळदा काहीच दिसत नाही.

शिकाऊ परवान्यानंतर पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावेच लागते. तेवढ्या काळात जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मोकळ्या मैदानावर दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याचा सराव करावा. मालमोटारींच्या मागून जाताना तोच कामी येतो.