संशोधकाच्या टेबलावरचं विज्ञान मासिक

जालन्याच्या बियाणे उद्योगात पैदासकार म्हणून काम करताना एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय: "ही विज्ञान मासिकं शाळकरी पोरांसाठी, आपण शोधनिबंध वाचावेत." मला ते अर्धंच पटतं.

१. आपल्या विषयातलं मासिकात शोधू नये. तुरीच्या वांझ रोगावर तिथे जे छापून येतं, ते पैदासकाराला आधीच ठाऊक असतं. त्यासाठी शोधनिबंध आहेत, बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तिथली बीडीएन ७११ ही तूर शेतात उभी पाहून जे कळतं, ते कुठल्याच लेखात मिळत नाही.

२. मासिक कामाला येतं ते शेजारच्या विषयासाठी. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती जालन्याच्याच महिकोच्या वाणांना. पुढे गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देईनाशी झाली आणि शेतात पुन्हा डोमकळ्या दिसू लागल्या. जनुक मला कळत होतं. किडीची अख्खी प्रजा कशी बदलते, याची खरी उकल मात्र औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरच्या एका साध्या लेखातून झाली. सतत एकच मारा झाला की त्यातून तगलेलेच वाढत जातात. बीटीभोवती नॉन-बीटीच्या ओळी लावायच्या असत त्या याचसाठी. तिथे साधे पतंग जगतात, तगलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि पुढची बरीचशी पिढी बीटीवर मरते. शेतकरी ज्याला 'रेफ्युजी' म्हणायचे ते नॉन-बीटी बियाण्याचं पाकीट कितीतरी ठिकाणी पेरलंच गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामागचं कारण त्यांच्या भाषेत कोणी नीट सांगितलं होतं का?

३. मोठे शास्त्रज्ञही साधं वाचतात, याला पुरावा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या ज्या निबंधांची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिली, त्यांना पहिल्या वर्षी इतर संशोधकांनी सुमारे ७३ टक्के जास्त वेळा उद्धृत केलं, असं १९९१ च्या एका अभ्यासात दिसलं. १९७८ मध्ये संपामुळे ते वृत्तपत्र १२ आठवडे तयार होऊनही वाचकांपर्यंत पोचलं नाही. त्या काळात त्याने निवडलेल्या निबंधांना असा फायदा झाला नाही.

४. बातमीवर निर्णय घेऊ नये. मूळ निबंध काढावा, चाचणी किती ठिकाणी आणि किती हंगाम झाली ते बघावं. कोरडवाहू मराठवाड्यात एका चांगल्या पावसाळ्याच्या आकड्यांवर वाण ठरत नाही.

५. मराठीत वाचल्याशिवाय मराठीत सांगता येत नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. शब्द घडवण्याचं पुष्कळ काम या मंडळींनी करून ठेवलंय. जयंत नारळीकरांनी विश्वरचनाशास्त्रात काम करता करता मराठीत कथा लिहिल्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांसमोर उभं राहिलं की इंग्रजी निबंधातलं वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही. तिथे उपयोगी पडते ती मासिकातली भाषा.

बियाणे कंपन्यांतल्या, बदनापूरच्या, खरपुडीच्या तरुण सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: एका तरी मराठी विज्ञान मासिकाची वर्गणी भरा, आणि वर्षाकाठी आपल्या कामावर एक लेख त्यात लिहा.