विडीचे बोलावणे आणि आनुवंशिकता

विडी सुटत नसलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "ते त्याच्या रक्तातच आहे." दुसरा म्हणतो, "मनावर घेतले तर काय सुटत नाही?" मानसशास्त्राच्या तासाला पावलॉव्हचा प्रयोग शिकल्यापासून ही दोन्ही मते मला अपुरी वाटू लागली.

घंटेपाठोपाठ अन्न मिळते हे कळल्यावर पावलॉव्हच्या कुत्र्याला नुसत्या घंटेने लाळ सुटू लागली. विडीचेही तसेच आहे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटीन मेंदूत पोहोचते आणि डोपामिन हे द्रव्य वाढते. असे हजारो वेळा घडले की काडीचा आवाज, धुराचा वास, चहाचा कप या सर्व गोष्टी घंटेचे काम करू लागतात. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी दोनदा विडी सोडली. घरी असताना त्यांना फारसा त्रास होत नसे. पण कामावर चहाच्या सुट्टीत शेजारच्याने काडी ओढली, की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई. गावाने याला मनाचा दुबळेपणा म्हटले. उन्हातान्हात दिवसभर विटा रचणाऱ्या माणसाला दुबळा म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते.

आता प्रश्न असा, की ही घंटा सर्वांच्या मेंदूत सारखीच वाजते काय? तशी ती वाजत नाही. निकोटीनचे विघटन मुख्यतः यकृतातील एका विकरामुळे होते. ते विकर ज्या जनुकावरून घडते त्याचे नाव सीवायपी२ए६. या जनुकाची रूपे निरनिराळी असल्यामुळे कोणाच्या शरीरातून निकोटीन लवकर नाहीसे होते, तर कोणाच्या शरीरात ते रेंगाळते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या धूम्रपान करणाऱ्यांना धूम्रपानाची दृश्ये दाखवून त्यांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण केले. ज्यांच्यात विघटन जलद होते, त्यांच्या मेंदूतील स्मृती, भावना आणि ओढ यांच्याशी संबंधित भाग अधिक उत्तेजित झाले. संभाव्य कारण असे, की ज्याचे निकोटीन लवकर ओसरते त्याच्या रक्तात त्याची भरती-ओहोटी ठळक होते आणि खूण व सुख यांची गाठ घट्ट बसते. तेव्हा "रक्तात आहे" असे म्हणण्यापेक्षा "यकृतात आहे" असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल!

मात्र जनुक कोणाला काडीपेटीचा अर्थ शिकवत नाही. तो अर्थ घर, पार आणि कामाची जागा शिकवते. आनुवंशिकतेचा आधार घेऊन तंबाखूला निर्दोष ठरवण्याचा प्रयत्नही झालेला आहे. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९५८ मध्ये जुळ्या भावंडांची उदाहरणे देऊन धूम्रपान आणि कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक प्रवृत्ती असू शकेल असे सुचवले होते. पुढील संशोधनापुढे ते टिकले नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. निकोटीन दोन्हींत तेच, खुणा मात्र वेगळ्या. येथे अशी चाचणी घ्यायची, तर पडद्यावर सिगारेट दाखवून भागणार नाही. तळहातावर तंबाखू-चुना मळणारा अंगठा दाखवावा लागेल, आणि आमच्या आजीसारख्यांसाठी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीचा वासही आणावा लागेल.