पाण्यातले इंधन आणि कडेचे अणू

शाळेत असताना सरांनी आम्हांला पाण्याचे विघटन करून दाखविले होते. आम्लाचे चार थेंब टाकलेले पाणी, दोन विद्युतअग्रे आणि त्यांवर पालथ्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या. एकीत प्राणवायू जमला, दुसरीत त्याच्या दुप्पट हायड्रोजन. पेटती काडी जवळ नेताच ‘फट्’ असा आवाज झाला. हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच झाले. ना धूर, ना राख. मग हे इंधन घरोघरी का नाही? कलाशाखेत आल्यावरही हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

प्रयोग तसा जुनाच. निकोल्सन आणि कार्लाइल यांनी तो १८०० साली इंग्लंडमध्ये केला. अडचण आहे ती खर्चाची. पाणी फोडण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात बरेच अधिक लागतात. एक किलो हायड्रोजनमधून सुमारे ३३ युनिट ऊर्जा मिळते, पण तो तयार करताना पन्नासाहून अधिक युनिट वीज खर्ची पडते. ही गळती कमी करतो तो उत्प्रेरक. हायड्रोजनच्या बाजूस प्लॅटिनम सर्वोत्तम, कारण ते हायड्रोजनच्या अणूला फार घट्ट धरत नाही आणि फार सैलही सोडत नाही. पण ते पडले महाग!

येथे अतिसूक्ष्म कण, म्हणजेच नॅनोकण, उपयोगी पडतात. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तेच तत्त्व. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर ते ६०० चौरस मीटर होते! थोडा धातू पुष्कळ काम करतो.

पण केवळ बारीक करणे पुरेसे नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही वंगणात वापरली जाणारी काळी पूड. तिचे मोठे स्फटिक या कामी जवळजवळ निरुपयोगी. तिच्या थरांच्या कडा मात्र प्लॅटिनमसारखे वागतील, असे गणित २००५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी मांडले. २००७ मध्ये प्रयोगाने ते सिद्ध झाले : हायड्रोजनचे प्रमाण कणांच्या क्षेत्रफळाशी नव्हे, तर कडांच्या लांबीशी जुळले. म्हणून आता कडा वाढविण्याची खटपट चालते.

अर्थात कोडे पुरते सुटलेले नाही. आम्लयुक्त यंत्रांत प्राणवायूच्या बाजूस अजून दुर्मिळ इरिडियमच लागते. शिवाय वीज कोळशाची असेल तर धूर केवळ दुसऱ्या गावी जातो. ती सूर्याची वा वाऱ्याचीच हवी.

शाळेत आम्ही सारे नळीतल्या वायूकडे पाहत होतो. खरा प्रश्न खाली, त्या विद्युतअग्रावर होता, हे मला आज कळते.