दोन जीबीचं कार्ड की भाच्याचं कार्ड?

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग मी घरच्याच कॉम्प्युटरवर करतो. नवा कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइन अडकत चालते. प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी. दुकानदार म्हणतो, दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका. भाचा म्हणतो, घ्यायचं तर आरटीएक्स ३०६०च घ्या. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. ‘दोन जीबी’ म्हणून जे कार्ड गळ्यात मारतात ते बहुधा जीटी ७१० असतं. त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या सुधारणांचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं. जीबी म्हणजे कार्डावरची साठवणाची जागा. गोदाम मोठं म्हणून जिनिंग वेगात चालत नाही. जीटी १०३० सुचवलं तरी नको म्हणा, कारण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही.

आता तुमचं खरं दुखणं. कॅमेरा बदलल्यावर अडकायला लागलं, म्हणजे आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. हल्लीचे बरेच कॅमेरे एच २६५ मध्ये ‘४:२:२, १० बिट’ असं रेकॉर्ड करतात. रंग सुधारायला ते उत्तम, पण एनव्हिडियाची कार्डं ही फाइल उलगडायला शिकली ती २०२५ च्या ५० मालिकेपासून. म्हणजे भाच्याचं ३०६० इथे हात वर करील. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स हे काम सहज करतं. तुमच्याकडे ते आधीच असेल! फक्त मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, हे बघा. १२४०० मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स असतं, १२४००एफ मध्ये नसतं, आणि स्वस्तात मिळतो म्हणून असेंबल करणारे दुसराच बसवतात.

तेव्हा पहिला खर्च रॅमवर करा, निदान १६ जीबी. चालू कामाच्या फाइली एसएसडीवर ठेवा. काम एडियसवर असेल तर मुख्य भार प्रोसेसरच उचलतो, आणि कदाचित तुम्ही इथेच थांबाल. प्रीमियरमध्ये कलर, इफेक्ट, स्लो-मोशन भरपूर असेल तर मात्र कार्डाचा फरक जाणवतो.

त्या वेळी मी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल घ्या म्हणेन. ते सुमारे ७० वॅट खातं. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, त्यामुळे बहुतेक मॉडेलना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि कंपनी त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत आलेल्या बिननावाच्या डब्यावर ‘४५०’ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. शिवाय घरोघरचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट झेपवतो. लाइट गेली की मोठ्या कार्डासकट मशीन बसलीच म्हणून समजा. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, पण शेतीपंप सुरू झाल्यावर गावचं व्होल्टेज खाली येतं ते येतंच. घरात अर्थिंग नसेल तर कार्डाआधी ते करून घ्या.

जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तर? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ३०६० त्यांतलंच एक. बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर सोडून द्या. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो. सुकलेल्या पेस्टचं कार्ड तापलं की आपला वेग आपणच कमी करतं.

नवं कार्ड बसवाल तेव्हा मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, पण बायोसमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स चालू ठेवायला सांगा. अनेक बोर्ड कार्ड दिसताच ते आपोआप बंद करतात, आणि मग तुमच्या ४:२:२ फाइली पुन्हा अडकतील.