जाहिरात छापणारा खरं बोलतो का?

जे. गॉर्डन होल्ट हे १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ‘हाय फिडेलिटी’ मासिकात ध्वनियंत्रांची परीक्षणं लिहायचे. जाहिरातदारांची मर्जी सांभाळण्याचा त्यांना वीट आला. मग १९६२ मध्ये त्यांनी ‘स्टिरिओफाइल’ काढलं, तेही सुरुवातीला जाहिरातींशिवाय. लेखणी मोकळी झाली, पण अंक वेळेवर निघेना. वर्गणीदार वाट बघून थकत. १९८२ मध्ये मासिक दुसऱ्याच्या हाती गेलं. आज त्यात जाहिराती भरपूर असतात.

तरीही ते टाकाऊ ठरत नाही. परीक्षकाच्या लेखासोबत प्रयोगशाळेतली मोजमापं छापण्याची त्यांची पद्धत आहे. कधी परीक्षक एखाद्या स्पीकरवर फिदा असतो आणि शेजारचा आलेख भलतंच सांगत असतो. वाचकाने आधी आलेख बघावा.

उलट बाजूही ऐका. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे अमेरिकी मासिक जाहिराती घेत नाही, वस्तू दुकानातून विकत आणून तपासतं. मे १९७० च्या अंकात त्यांनी लिहिलं की बोस ९०१ स्पीकरवर वाद्यांचे आवाज खोलीभर भटकतात. बोस कंपनी कोर्टात गेली. तिथे खुद्द परीक्षण करणाऱ्या अभियंत्याच्या साक्षीतून निघालं, की आवाज सरकत होता तो समोरच्या भिंतीलगत, दोन स्पीकरच्या मध्ये. खालच्या कोर्टाने ते वाक्य चुकीचं ठरवलं. जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल मासिकाच्या बाजूने दिला. जाहिरातीचा एक पैसा न घेताही चूक झालीच की!

पैशाची खरी करामत दिसते ती न लिहिलेल्या मजकुरात. पैसे घेऊन कौतुक लिहिणारे थोडे. सुमार यंत्र गुपचूप खोक्यात घालून परत पाठवणारे जास्त. सगळंच ‘उत्तम’ वाटणाऱ्या परीक्षकाकडे म्हणूनच संशयाने बघावं.

भारतात जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार, फुकट मिळालेल्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगायला हवं. परीक्षण वाचताना यंत्र आलं कुठून, परत गेलं का, तुलना कशाशी केली, एखादा दोष तरी सांगितला का, हे तपासा. दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातलं गाणं सोबत न्या आणि तुलनेतले दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजात वाजवून घ्या. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास सरस वाटतो.