शाळेचे संकेतस्थळ : नाव, जागा व किल्ली

शाळेचे संकेतस्थळ उभारताना दोन वस्तू घ्याव्या लागतात : नाव आणि जागा. नावास डोमेन म्हणतात. ते कायमचे विकत मिळत नाही. ‘डॉट इन’ने संपणारे नाव एका वेळी १ ते १० वर्षांच्या मुदतीने नोंदविता येते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ने संपणारी देवनागरी नावेही मिळू लागली. जागा म्हणजे होस्टिंग, अर्थात अहोरात्र चालू असलेल्या संगणकाचा भाड्याने घेतलेला भाग. नावाचे व जागेचे शुल्क निरनिराळे असते, व मुदतीही निरनिराळ्या असू शकतात.

संगणक परस्परांस अंकांनी ओळखतात. टपालात सातारा म्हणजे ४१५००१ व सांगली म्हणजे ४१६४१६, तसाच हा प्रकार होय. नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली योजिली गेली. तिच्यामुळे जागा बदलली तरी केवळ नोंद बदलावी लागते. पालकांना ठाऊक असलेले नाव तेच राहते.

ही कामे ज्या पानावरून चालतात त्यास कंट्रोल पॅनेल म्हणतात. त्यात फाइली, ई-मेल, डोमेनच्या नोंदी, सुरक्षा प्रमाणपत्र व बॅकअप असे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याचे काम समजून घेतल्यास संगणकाची विशेष भाषा येण्याची गरज पडत नाही.

खरा धोका निराळाच आहे. एखादा उत्साही शिक्षक स्वतःच्या ई-मेलवर नाव नोंदवितो. पुढे त्याची जावळीहून फलटणला बदली होते. मुदतीची सूचना त्याच्याकडे जाते, शाळेकडे येत नाही. मुदत टळून ते नाव मोकळे झाले, की कोणीही ते घेऊ शकतो. मग शाळेच्या पत्रकावर छापलेला पत्ता उघडणाऱ्या पालकापुढे परक्याचे पान येते. यात दोष उत्साहाचा नसून व्यवस्थेच्या अभावाचा आहे.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. नोंदणी शाळेच्या नावे व शाळेच्या ई-मेलवर करावी.

२. नाव व जागा यांच्या मुदती मुख्याध्यापकांनी नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. पासवर्ड बंद पाकिटात कपाटात ठेवावा.

३. बदलीच्या वेळी दप्तर व शिक्का यांसह हे पाकीटही चार्जमध्ये द्यावे. नव्या मुख्याध्यापकांनी पासवर्ड तत्काळ बदलावा.

४. दरमहा बॅकअप उतरवून त्याची प्रत शाळेबाहेर अन्य ठिकाणीही ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा एकाच ठिकाणी ठेवलेल्या वस्तूंचा भरवसा किती धरावा हे सर्वांनी पाहिले.

५. मुलांचे आधार क्रमांक व घरचे पत्ते संकेतस्थळावर कदापि ठेवू नयेत.

शिक्षक बदलतात, शाळा गावातच राहते. तिचे नावही तिच्याच हाती राहावे, इतकाच या दक्षतेचा हेतू आहे.

अभ्यास : आपल्या शाळेचे संकेतस्थळ असल्यास त्याच्या नावाची मुदत केव्हा संपते व सूचना कोणाच्या ई-मेलवर येते, हे या आठवड्यात पाहून नोंदवावे.