रायपूर–जगदलपूर : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन शहरांमधील अंतर किती, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नसते. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि बस्तरचे मुख्यालय जगदलपूर यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

रायपूरचा माना विमानतळ २१° ११′ उत्तर अक्षांश व ८१° ४४′ पूर्व रेखांशावर आहे. जगदलपूरचा सुमारे १९° ०४′ उत्तर व ८२° ०२′ पूर्व येथे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. अक्षांशांतील फरक १२७ मिनिटांचा, म्हणून १२७ सागरी मैल. रेखांशांतील १८ मिनिटांचा फरक मात्र या पट्ट्यात जेमतेम १७ सागरी मैल भरतो, कारण ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात. पायथागोरसच्या प्रमेयाने अंतर १२८ सागरी मैल, म्हणजे सुमारे २३७ किलोमीटर येते. लांब पल्ल्यासाठी महावृत्ताचे सूत्र वापरावे लागते.

धमतरी, कांकेर आणि केशकाल घाटातून जाणारा रस्ता सुमारे ३०० किलोमीटरचा आहे. रेल्वेने मात्र कोरापुट, रायगडा, टिटलागढ असा ओडिशातून वळसा पडतो व अंतर ६०० किलोमीटरांच्या वर जाते. याचे कारण इतिहासात आहे. कोत्तवलसा–किरंदूल मार्ग १९६० च्या दशकात बैलाडिल्याचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदराला नेण्यासाठी बांधला गेला. बस्तरच्या प्रवाशाला राजधानीशी जोडणे हा त्याचा हेतू नव्हताच.

आता काळाचा विचार करू. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला २३७ किलोमीटरसाठी २८ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि विमानतळाभोवतीचे वळण यांमुळे वेळापत्रकात तासाभराचा अवधी धरावा लागतो. त्यात आधीचा दीड तास व नंतरचा एक तास मिळवल्यास एकूण साडेतीन तास होतात. सरासरी वेग ताशी अवघा ६८ किलोमीटर! रायपूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ९५५ किलोमीटर आहे. तेथे पावणेदोन तासांचे उड्डाण धरून हाच हिशेब केला, तर सरासरी ताशी २२५ किलोमीटर पडते. जमिनीवरचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच असल्याने जवळच्या प्रवासात विमानाचा वेग फारसा कामी येत नाही. तरीही उपचारासाठी रायपूर गाठणाऱ्याला घाटरस्त्याच्या तुलनेत वाचणारे काही तास मोलाचेच.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत अशा मार्गांवरील तोटा मर्यादित काळासाठी अनुदानाने भरून काढण्याची तरतूद आहे. जगदलपूरहून १४ जून २०१८ रोजी सुरू झालेली सेवा टिकली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हैदराबाद–जगदलपूर–रायपूर मार्गावर ती पुन्हा सुरू झाली. विमान रोज नसेल, तर वाट पाहण्याचे दिवसही प्रवासाच्या काळातच धरले पाहिजेत. वेळापत्रकात ते दिसत नाहीत. दरम्यान, दल्ली राजहरा–रावघाट–जगदलपूर या नियोजित थेट रेल्वेमार्गावर प्रवासी गाडी २०२२ मध्ये अंतागडपर्यंत पोहोचली.